फोर्डच्या एफ-१५० पिकअपला मागे हेल्पर एअरबॅग (मागच्या स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या बॅगा) आणि ऑनबोर्ड कंप्रेसर (त्यात हवा भरायला गाडीतच बसवलेला पंप) बसवताना काय बघायचं?
ट्रेलर लावला की गाडी मागून बसते म्हणून बॅगा टाकताय ते बरोबरच आहे, पण बॅगेमुळे गाडी फक्त लेव्हल होते, लोड कपॅसिटी वाढत नाही, दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा तोच राहतो हे आधी डोक्यात पक्कं करा. दोन्ही बॅगांना हवेची वेगळी लाइन द्या, टी (तीन तोंडांचा जोड) लावून एकमेकींना जोडल्या तर वळणावर दाबलेल्या बाजूची हवा पलीकडे जाते आणि गाडी अजूनच कलते. नळी धारदार ब्लेडने अगदी काटकोनात कापा, तिरकी कापली की फिटिंगमधून हळूहळू हवा जात राहते, आणि हो, सायलेन्सरपासून लांब न्या. जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघाच. कंप्रेसरला रिले (जास्त करंट सांभाळणारा स्विच) आणि बॅटरीजवळ फ्यूज पाहिजेच. गाडी रिकामी असली तरी बॅगेत थोडी हवा ठेवा, बहुतेक किटमध्ये कमीत कमी ५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) सांगितलेली असते, नाहीतर रबर चिमटून फाटतं.