वाचकांचे प्रश्न: तिसरी बॅटरी घेण्याआधी

यावेळी आलेल्या प्रश्नांमध्ये एक गोष्ट सारखी दिसली, ती म्हणजे बहुतेकांनी शेवटी "हा पार्ट बदलू का" असं विचारलंय. बदला ना, पण आधी मोजा. लांबच्या टूरला जाणाऱ्या गाडीत अंदाजाने पार्ट टाकला आणि मूळ दुखणं तसंच राहिलं तर ते नेमकं घरापासून लांब वर येतं. म्हणून उत्तरं थोडी लांबली आहेत.

प्रश्न: माझी टूरिंग बाईक नऊ वर्षं जुनी आहे. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या झाल्या. रात्री चार्जर लावला की सकाळी एका झटक्यात सुरू होते, पण दिवसभर चालवून संध्याकाळी पेट्रोल भरायला बंद केली की नंतर सेल्फ मारल्यावर नुसतं टक टक टक. फॉग लाइट आणि हीटेड ग्रिप बसवलेत. आता तिसरी बॅटरी घेऊ का?

नका घेऊ, निदान आज तरी नका. तुम्ही स्वतःच अर्धं उत्तर लिहिलंय बघा, रात्री चार्जर लावला की सकाळी सुरू होते म्हणजे बॅटरी करंट धरून ठेवते आहे, आणि दिवसभर चालवून उतरते म्हणजे गाडी चालताना तिला परत काही मिळत नाहीये किंवा मिळतं त्यापेक्षा जास्त खर्च होतंय. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, डीसी व्होल्टवर ठेवा आणि तीन रीडिंग घेऊन वहीत लिहा.

पहिलं, गाडी काही तास उभी असताना. चांगली भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते, १२.० च्या आसपास असेल तर ती जवळजवळ रिकामी समजा. दुसरं, सेल्फ मारताना. आकडा १० च्या खूप खाली कोसळला तर बॅटरी थकली आहे किंवा टर्मिनल लूज आहे, आणि टर्मिनल हाताला घट्ट लागला तरी पाना लावून बघाच, अर्धा आटा फिरतो कित्येकदा. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, इंजिन चालू करून रेस ४,००० ते ५,००० आरपीएमवर धरायची, आता बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ यायला हवेत. तुमच्या गाडीत इथे साडेबारा किंवा त्याहून कमी येईल असं मला वाटतंय. उलट १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर रेक्टिफायर (इंजिनकडून येणारी एसी वीज डीसी करून व्होल्टेज आवरणारा पार्ट) बिघडलाय आणि तोच बॅटऱ्या शिजवून मारतोय.

कमी आलं तर लगेच रेग्युलेटर विकत आणायला पळू नका. स्टेटरकडून, म्हणजे इंजिनमध्ये वीज तयार करणाऱ्या कॉइलकडून, येणाऱ्या तीन वायर असतात, बऱ्याच गाड्यांत तिन्ही पिवळ्या, त्यांचा कनेक्टर शोधा आणि सोडवून उजेडात धरा. मी असे बरेच कनेक्टर उघडलेत. प्लास्टिक पांढरं असायला हवं ते एका पिनभोवती बदामी, मग तपकिरी झालेलं असतं, आतली पिन काळी पडून सैल झालेली असते, आणि ओढायला गेलं की दोन्ही भाग एकमेकांना चिकटलेले, सुटतच नाहीत. असं दिसलं तर दोष तिथेच आहे, नवीन रेग्युलेटर त्याच जळक्या कनेक्टरला जोडलात तर तोही जाणार. कनेक्टर चांगला असेल तर तो सुटा ठेवूनच इंजिन चालू करा, मीटर एसीवर ठेवून तीन वायरींच्या तिन्ही जोड्या मोजा, पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, पहिली-तिसरी. आकडा किती हवा ते तुमच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं पण एकाच आरपीएमवर तिन्ही सारखे आले पाहिजेत हे नक्की. इथे व्होल्टेज बरंच चढतं त्यामुळे उघड्या पिनला हात लागू देऊ नका. मग इंजिन बंद करून प्रत्येक वायर आणि इंजिनचा धातू यांच्यामध्ये कंटिन्युइटी (मीटरचा बीपवाला मोड) बघा, बीप वाजला तर स्टेटर कॉइल गेली.

स्टेटर पास झाला तर कनेक्टर परत जोडा, इंजिन चालू करा, मीटर परत डीसीवर घ्या आणि एक टोक रेग्युलेटरच्या प्लस आउटपुटला, दुसरं बॅटरीच्या प्लसला लावा. तीनचार दशांश व्होल्टहून जास्त दिसलं तर तेवढं वाटेतच वायरिंगमध्ये हरवतंय. मायनसलाही तसंच करा. ही टेस्ट गॅरेजमध्येही फार कोणी करत नाही, पण मला विचाराल तर सगळ्यात जास्त पैसे हीच वाचवते.

आणि हो, ग्रिप आणि लाइट. समजा ग्रिप ४० वॉट आणि लाइटची जोडी ४० वॉट, म्हणजे ८० भागिले १४, जवळजवळ पावणेसहा अँपिअर जादा. स्टेटर आयडलला त्याच्या पूर्ण ताकदीच्या कितीतरी कमी देतो, त्यामुळे ट्रॅफिकमध्ये ग्रिप चालू ठेवलेत तर तेवढा वेळ तुम्ही बॅटरीच खाताय. सगळं बंद ठेवून १४ येतात आणि सगळं चालू केलं की रेस देऊनही १३ च्या खाली येतात, असं असेल तर गाडीत दोष नाही, लोड जास्त आहे. एलईडी लाइट लावा आणि आयडलला ग्रिप बंद करायची सवय लावा.

बॅटरी सोडवताना आधी मायनस काढायचा आणि लावताना तो शेवटी लावायचा, नाहीतर प्लसवरचा पाना चेसिसला टेकला की जी ठिणगी उडते ती एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही.

प्रश्न: घाटाच्या लांब उतारावर पुढच्या ब्रेकचा लिव्हर हळूहळू मऊ होत गेला आणि शेवटी ग्रिपला टेकला. खाली थांबून अर्धा तास गेल्यावर पुन्हा कडक. पॅड अर्धे शिल्लक आहेत. मास्टर सिलिंडर बदलायचा का?

आधी सांगा, ब्रेक फ्लुइड कधी बदललं होतं? आठवत नसेल तर उत्तर बहुतेक तेच आहे. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही फ्लुइड हवेतलं पाणी शोषतात, बाटली बंद राहिली नाही तर बाटलीतही. डॉट ४ नवीन असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी शोषलेल्या डॉट ४ साठी तीच मर्यादा १५५ अंश आहे. दोन माणसं, भरलेले बॉक्स आणि मोठा उतार असला की कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) तेवढा तापू शकतो, मग आतल्या पाण्याची वाफ होते आणि वाफ दाबली जाते म्हणून लिव्हर आत जातो. गार झाल्यावर वाफेचं परत पाणी झालं की लिव्हर कडक. लाइनमध्ये नुसती हवा असती तर लिव्हर सकाळी थंड असतानाही मऊ लागला असता. आणि फक्त पॅड तापून पकड सुटली असती तर लिव्हर कडकच राहिला असता, गाडी मात्र थांबली नसती. हा फरक लक्षात ठेवा.

फ्लुइड दर दोन वर्षांनी बदला, गाडी कमी चालली असली तरी. घरी होतं हे काम. टाकीवर ओला कपडा पांघरा कारण फ्लुइड रंग खातं, सांडलं तर ताबडतोब भरपूर पाण्याने धुवा. हँडल असं वळवा की वरचा डबा लेव्हलला येईल, जुनं काळपट फ्लुइड सिरिंजने ओढून काढा, नवीन सीलबंद बाटलीतलं भरा. कॅलिपरवरच्या ब्लीड निपलला (फ्लुइड बाहेर काढायच्या बारीक बोल्टला) रिंग पाना आणि पारदर्शक नळी लावायची, लिव्हर दाबून धरायचा, निपल पाव आटा उघडायचा, बंद करायचा, आणि मगच लिव्हर सोडायचा. हा क्रम चुकला की हवा आत. डबा मधे रिकामा होऊ द्यायचा नाही, दर पाचसहा वेळा दाबलं की बघा. नळीत स्वच्छ फिकट रंग येईपर्यंत चालू ठेवा. डब्यावर लिहिलेलाच ग्रेड वापरा, आणि डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळंच फ्लुइड आहे, ५.१ शी त्याचा काही संबंध नाही, ते यात मिसळायचं नाही म्हणजे नाही. एबीएस असेल तर मॅन्युअल आधी वाचा, काही गाड्यांत मॉड्युलेटरमधलं फ्लुइड काढायला डायग्नोस्टिक टूल लागतं, तिथे हे काम जाणकाराकडेच द्या.

एवढं केल्यावर पुढचं चाक उचलून हाताने फिरवा. पॅड हलकेच घासल्याचा आवाज येतो तो ठीक आहे, पण चाक अर्ध्या फेरीतच अडलं तर कॅलिपरचे पिस्टन चिकटलेत आणि ते सतत घासून फ्लुइड तापवतायत. आणि काम झाल्यावर गाडी हलवायच्या आधी लिव्हर कडक होईपर्यंत पंप करा, हे कृपा करून विसरू नका.

प्रश्न: एकटा असताना गाडी एकदम स्थिर. मागे बायको आणि टॉप बॉक्स भरलेला असला की ९० च्या वर मागून लाटेसारखी डुलते. बॉल रेस (हँडलचं बेअरिंग) गेली का?

असूही शकते, पण एकटं असताना स्थिर आहे म्हणजे मला आधी सामान आणि हवेचा संशय येतो. टॉप बॉक्स मागच्या ॲक्सलच्याही मागे आणि वर असतो, तिथलं प्रत्येक किलो पुढचं चाक हलकं करतं. बॉक्सवर किंवा रॅकवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते आणि ती वाटते त्यापेक्षा बरीच कमी असते, एकदा वजनकाट्यावर ठेवून बघाच. टूल किट, कुलूप, पाणी असलं जड सामान पॅनियरच्या (बाजूच्या बॉक्सच्या) तळाशी, पुढच्या बाजूला आणि दोन्हीकडे सारखं. वर फक्त कपडे, रेनकोट. मग मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा दाब) वाढवा, मॅन्युअलमध्ये दोन माणसं आणि सामान यासाठी वेगळं सेटिंग असतं, हवेचंही असतं. हवा सकाळी टायर थंड असताना मोजायची, चालवून आल्यावर वाढलेली हवा बघून काढून टाकायची नाही.

तरी डुलत असेल तर गाडी मेन स्टँडवर घ्या, पुढचं चाक उचललेलं राहील असं करा आणि हँडल एका बोटाने हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्या. बरोबर मधे बारीक खाच लागल्यासारखं अडकलं तर बॉल रेस गेली. फोर्कचं खालचं टोक धरून पुढे-मागे हलवा, टक असा झोल लागला तर ती ढिली आहे. मागचं चाकही बाजूने हलवून स्विंगआर्मचं बेअरिंग बघा. टायर हायवेवर मधोमध घासून सपाट झालाय का ते बघा आणि त्याचं वय वाचा, बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा.

चालू गाडी डुलायला लागली तर हँडल आवळून धरू नका आणि जोरात ब्रेक मारू नका. गुडघ्यांनी टाकी धरा, हात सैल, ॲक्सलरेटर हळूहळू कमी.

प्रश्न: चेन एका जागी टाइट लागते, चाक फिरवलं की ढिली. नेमकी कुठे सेट करू?

टाइट जागी. ढिल्या जागी सेट केलीत तर टाइट जागा आणखी ताणली जाऊन गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टच्या बेअरिंगवर जोर येतो, आणि ते काम चेनपेक्षा कितीतरी मोठं आहे. ढिल किती ते स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतं, रोड बाईकला साधारण २५ ते ३५ मिलिमीटर, लांब सस्पेन्शनवाल्यांना जास्त. दोन्ही जागांत फारच फरक असेल किंवा मागच्या स्प्रॉकेटवर चेन मागे ओढल्यावर अर्धा दात उघडा पडत असेल तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदला. ओ-रिंग चेन रॉकेलने आणि मऊ ब्रशने साफ करा, पेट्रोल आणि तारेचा ब्रश नको. ल्यूब राइडहून आल्यावर चेन कोमट असताना, आतल्या बाजूने. आणि चाक हातानेच फिरवायचं, इंजिन चालू करून गिअरमध्ये टाकून कधीही नाही, बोटं जातात यात.

प्रश्न: कारचं चांगलं सिंथेटिक ऑइल घरात पडून आहे, बाईकमध्ये चालेल?

क्लच ऑइलमध्ये बुडालेला असेल, आणि बहुतेक बाईकमध्ये असतोच, तर नाही. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, क्लच घसरायला लागतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठीचं मानक) लिहिलेलं बघून घ्या.

प्रश्न: ऑइल बदलताना ड्रेन बोल्ट आवळत होतो, घट्ट होता होता अचानक सैल फिरायला लागला. आता थेंब थेंब गळतंय. टेफ्लॉन टेप लावून चालेल का?

नाही, टेप लावून टूरला जाऊ नका. आटे गेलेत. इंजिनचा खालचा भाग ॲल्युमिनियमचा आणि बोल्ट स्टीलचा, त्यामुळे हरतं ते ॲल्युमिनियमच. माझ्याकडून हेच झालंय, पहिल्याच वर्षी. लांब दांड्याचा पाना होता आणि गळायला नको म्हणून शेवटचा एक जोर जास्त दिला, हाताला एकदम लोण्यासारखं मऊ लागलं आणि पोटात गोळा आला. तो क्षण अजून हातात आहे, म्हणून तुमचं काय झालं असेल ते मला कळतं.

घाबरू नका, दुरुस्त होतं. भोक नीट मोठं करून त्यात तारेच्या स्प्रिंगसारखं थ्रेड इन्सर्ट बसवतात, मग मूळ मापाचाच बोल्ट परत लागतो आणि नीट बसवलं तर मूळ आट्यांपेक्षा मजबूत होतं. पण भोक तिरकं गेलं तर सगळं वाया, आणि धातूचा चुरा आत राहता कामा नये, म्हणून पहिल्यांदा हे लेथवाल्याकडून किंवा अनुभवी मेकॅनिककडूनच करून घ्या आणि शेजारी उभं राहून बघा. मग टॉर्क रेंच घ्या. बऱ्याच गाड्यांचा ड्रेन बोल्ट २० ते ३० न्यूटन मीटरवर बसतो, तुमचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा, आणि वॉशर दरवेळी नवीन. गळती थांबवतो तो चिरडला जाणारा वॉशर, तुमचा जोर नाही. पहिलं ऑइल भरल्यावर पाच मिनिटं इंजिन चालवा, बंद करून खाली कोरडा कागद पसरा आणि सकाळी बघा.