आधी बाईंना विचार

अगं,

तुझा मेसेज रात्री वाचला आणि नंतर झोपच नाही लागली. तुम्ही स्वयंसेवक शाळेच्या भिंती रंगवायला गेलात, बाई म्हणाल्या रंग नको, टीम चिडली, निम्मे म्हणतात दुसरी शाळा बघूया, आणि तू विचारतेस काका आम्ही चुकलो कुठे. हेतू चांगला होता वगैरे मी सांगत बसत नाही, ते आपल्याला दोघांनाही माहीत आहे. रंगाचे डबे आणायच्या आधी बाईंना विचारलंत का? नाही ना. मग विचारायचं होतं.

मी तरी कुठे विचारलं होतं. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही आठजण मे महिन्यात गेलो, शाळेला सुट्टी, कुणाकडून तरी चावी मिळवली आणि दोन दिवसांत भिंतीवर मोर, डोंगर, बाराखडी सगळं काढलं. फोटो तर किती काढले. पण वाळपईकडचा पाऊस तुला माहीत आहे, वर कौलं फुटलेली, भिंत आतून ओल धरणारी, गणेश चवथीपर्यंत मोराच्या पोटाचे पापुद्रे सुटले आणि मुलं ते नखांनी सोलत बसायची. बाई एवढंच म्हणाल्या, "विचारलं असतंत तर मी कौलं सांगितली असती." त्या रंगाच्या पैशात कौलं झाली असती गं.

पुस्तकांचं तर अजून टोचतं. दोन खोके भरून दिली, पुढच्या वर्षी बघतो तर कपाटात, कुलूप लावून. मी मुलांसमोर बाईंना बोललो. मग त्यांनी गुपचूप स्टॉक रजिस्टर उघडून दाखवलं, प्रत्येक पुस्तकाची नोंद, एक हरवलं तरी बदलीच्या वेळी हिशेब त्यांनी द्यायचा. त्या नंतर माझ्याशी कामापुरतंच बोलल्या, आणि माफी मागायला मी गेलो तोवर बदली झाली होती.

म्हणून परत सांगतो, आधी विचार. बाईंना विचार, चारही इयत्ता एकट्या सांभाळतात, त्यावर ते सरकारी फॉर्म, आणि त्यात तुम्ही शनिवारी दहाजण येऊन उभे. पालकांना विचार. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत आणि निम्म्या बायका असाव्यात असं लिहिलंय, ते उगाच नाही. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगावी मराठी शाळा निघाल्या, आमच्या गावात तर पहिला वर्ग एकाच्या पडवीत भरायचा, म्हणजे शाळा गावाची, आपण पाहुणे. बचतगटाची ताई मुलांच्या दुपारच्या आहाराची पाव-भाजी घेऊन येते ना, तिलाही विचार, कुठलं पोर अर्धा पाव खिशात घालून घरी नेतं ते तिलाच ठाऊक असतं.

यात वेळ जातो, माहीत आहे. माझी टीम याच कारणाने फुटली, लोक म्हणाले काका नुसते मीटिंगा करतात. म्हणू देत. विचारून केलेली नळाची जोडणी अजून चालू आहे, मोर कधीच गेला. मी हट्टी आहे, पण या एका बाबतीत मी चुकलेलो नाही.

दुसरी शाळा अजिबात बघू नका. या शनिवारी दोघीच जा, हात मोकळे ठेवून, शाळा सुटल्यावर बाईंसोबत बाकावर बसा आणि ऐका. मध्ये बोलू नको, तुला ती सवय आहे. आणि डबे फोडले नसतील तर बिल शोधा, दुकानदार परत घेतो का विचारा.

काका