वाचकांचे प्रश्न : मोठी लेन्स आणि खांद्यावरची बॅग

प्रश्न : मी ऐरोलीत राहते, वय ५६. निकॉनच्या डी७५०० कॅमेऱ्यासाठी गेल्या वर्षी २००-५०० मिलिमीटर फोकल लेंग्थची (केंद्रांतराची) झूम लेन्स घेतली. सुटीच्या दिवशी सकाळच्या लोकलने ठाण्याला उतरून येऊरला जाते, आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत खाडीवर रोहित पक्ष्यांसाठी फेऱ्या होतात. सध्या पाठीवरची सॅक वापरते. परंतु ती उतरवून, चेन उघडून, लेन्स कॅमेऱ्याला जोडेपर्यंत पक्षी उडून गेलेला असतो. म्हणून खांद्यावर अडकवायची बॅग घ्यायचे ठरवले आहे. दुकानात दोन प्रकार पाहिले : एक आडवी, रुंद, आत कप्पे असलेली आणि दुसरी उभी, वरून उघडणारी. सोबत १८-१४० ची लहान लेन्सही असते. माझा उजवा खांदा अधूनमधून दुखतो. कोणती बॅग घ्यावी, याबद्दल मार्गदर्शन करावे.
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुम्ही उभी, वरून उघडणारी बॅग घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे; मात्र तिला कमरेचा पट्टा लावण्याची सोय असलीच पाहिजे. ही सोय नसेल तर बॅग कितीही देखणी असली तरी ती तुमच्यासाठी नाही.

तुमची खरी अडचण लेन्स जोडण्यात जाणाऱ्या वेळेची आहे, आणि तिच्यावर उपाय एकच : मोठी लेन्स कॅमेऱ्याला जोडलेलीच बॅगेत राहिली पाहिजे. आडव्या बॅगेत कॅमेरा आणि लेन्स वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवाव्या लागतात, किंवा जोडून ठेवायच्या तर बॅग इतकी लांब घ्यावी लागते की लोकलच्या दारात ती शेजारच्या प्रवाशाला लागत राहते. उभ्या बॅगेत लेन्सचे तोंड खाली आणि कॅमेरा वर असतो. झाकण उघडले की कॅमेऱ्याची मूठ थेट हाताला लागते. झाकण उघडताना तुमच्या अंगापासून बाहेरच्या बाजूला पडते की अंगाकडे येते, हे दुकानात नीट पाहा. अंगाकडे येणारे झाकण हात आणि कॅमेरा यांच्या मध्ये उभे राहते.

आता मापाकडे वळू, कारण बहुतेक चुका इथे होतात. तुमची लेन्स सुमारे २६.८ सेंटिमीटर लांब आणि १०.८ सेंटिमीटर जाड आहे. कॅमेऱ्याला जोडली की लेन्सच्या टोकापासून कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूपर्यंतची लांबी साधारण ३४ सेंटिमीटर भरते. हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारे उन्हाची झापड, उलटे करून बसवले तर लांबी फारशी वाढत नाही, पण जाडी वाढते, आणि बॅग नेमकी तिथेच अडते. ट्रायपॉड कॉलरचा, म्हणजे लेन्स तिकाटण्यावर बसवण्यासाठी तिच्याभोवती असलेल्या कड्याचा, पाय तर मोजमापात कोणी धरतच नाही. तेव्हा घरी हूड उलटे लावून, पाय बसवून, टेपने लांबी आणि सर्वांत रुंद भाग स्वतः मोजा, आणि बॅगेच्या आतल्या मापाशी ताडून पाहा. छापलेले माप पुष्कळदा बाहेरचे असते आणि फोमचे अस्तर दोन्ही बाजूंनी जागा खाते. लिटरमध्ये सांगितलेल्या आकारमानाचा तर इथे काहीच उपयोग नाही, कारण वीस लिटरची बॅगसुद्धा उंचीला कमी पडू शकते. सर्वांत चांगले म्हणजे कॅमेरा आणि लेन्स सोबत घेऊन फोर्टातल्या बोरा बाजारात जावे आणि प्रत्येक बॅगेत प्रत्यक्ष ठेवून, चेन लावून पाहावी. दुकानदाराला याची सवय असते. संकोच करू नये.

लेन्स तोंड खाली करून ठेवणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. चालताना हिसके बसून या लेन्सची नळी स्वतःच्या वजनाने खाली सरकू शकते. म्हणून बॅगेत ठेवण्यापूर्वी २०० मिलिमीटरवर आणून झूमचे कुलूप लावावे. दुसरे म्हणजे, लेन्सचा पुढचा काठ बॅगेच्या तळावर टेकतो आणि सारा भार त्याच्यावर येतो, तेव्हा तळाशी दोन बोटे जाडीचा फोमचा तुकडा कापून टाकावा. कॉलरचा पाय बाहेरच्या बाजूला फिरवला की बरगडीला टोचत नाही.

वजनाचा हिशेबही एकदा मांडून पाहा. लेन्स २.३ किलो, बॅटरीसह कॅमेरा सुमारे ७२० ग्रॅम, लहान लेन्स ४९० ग्रॅम. म्हणजे नुसते सामान साडेतीन किलो झाले. त्यात रिकाम्या बॅगेचे वजन, जादा बॅटरी आणि पाण्याची बाटली मिळवली की पाच किलोच्या घरात जाते. हे ओझे एकाच खांद्यावर दोन-तीन तास वाहायचे तर निरोगी खांदाही कुरकुरतो. कमरेचा पट्टा घट्ट आवळला की मोठा भार नितंबांच्या हाडावर उतरतो आणि खांद्याचा पट्टा फक्त तोल सांभाळतो. येऊरच्या चढउतारावर बॅग मांडीवर आपटत नाही, हा आणखी एक फायदा. तुमचा उजवा खांदा दुखतो, म्हणून पट्टा डाव्या खांद्यावरून तिरका घ्या आणि बॅग उजव्या कुशीला ठेवा. अशाने दुखऱ्या खांद्यावर भार येत नाही आणि कॅमेरा काढायला उजवा हात मोकळा राहतो. दुखणे टिकून असेल तर बॅग बदलण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. लहान लेन्ससाठी बाजूला अडकवायचा गोल डबा मिळतो; ती दहा सेंटिमीटरहून कमी लांबीची असल्याने तिच्यासाठी मोठी बॅग घेण्याचे कारण नाही.

पट्ट्याबद्दल मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. काही वर्षांपूर्वी ठाणे स्थानकाच्या जिन्यावर माझ्या बॅगेचा प्लास्टिकचा हुक तुटला. बॅग दोन पायऱ्या खाली गेली, आणि खालून येणाऱ्या एका ताईंनी ती छातीशी धरली म्हणून लेन्स वाचली. घरी येऊन पाहिले तर हुकाच्या वळणापाशी केसासारखी भेग होती, तिच्यात जुनी धूळ भरलेली होती. म्हणजे ती कित्येक आठवडे तिथे असणार, आणि मी कधी पाहिलेच नव्हते. तेव्हापासून मी धातूचा, जाड फिरता हुक पाहतो आणि महिन्यातून एकदा तो बोटाने चाचपतो. पट्टा किमान पाच सेंटिमीटर रुंद असावा. तो बॅगेला जिथे शिवलेला असतो तिथे चौकोन आणि चौकोनात फुली अशी शिवण असेल तर कामावर विश्वास ठेवायला हरकत नाही. फिलाडेल्फियाच्या एका दैनिकात काम करणारे छायाचित्रकार जिम डोम्के यांनी १९७० च्या दशकात स्वतःच्या गरजेतून कापडी बॅग तयार केली, तेव्हा पट्टा बॅगेच्या तळाखालून फिरवून शिवला. पुढे ती बॅग वृत्तछायाचित्रकारांत फार लोकप्रिय झाली. भार शिवणीवर लटकू न देता पट्ट्यानेच बॅग झोळीसारखी खालून उचलावी, हा विचार मला आजही सर्वांत भरवशाचा वाटतो.

लोकलमध्ये बॅग पोटाशी घेऊन चेनची टोके आपल्या अंगाकडे ठेवावीत. वरच्या फळीवर ती ठेवू नये. तिथे सतत थरथर असते, आणि उतरण्याच्या घाईत सामान विसरायला वेळ लागत नाही. खाडीत बोटीने जाणार असाल तर खाऱ्या पाण्याचे तुषार येतात, म्हणून पावसाळी आवरण बॅगेतच असू द्या आणि परतल्यावर हुक व चेन ओलसर फडक्याने पुसून कोरड्या करा. मीठ साचले की चेन आधी जड चालते आणि मग अडकते.

प्रश्न : माझ्याकडे जाड फोमची चांगली बॅग आहे. पावसाळ्यात कॅमेरा आणि १५०-६०० ची लेन्स तिच्यातच कपाटात ठेवली तर सुरक्षित राहील का?
— एक वाचक, सीवूड्स

उत्तर : कृपया ठेवू नका. फोम आणि अस्तर दमटपणा धरून ठेवतात, आणि अंधार, ओल व कोंडलेली हवा एकत्र आली की लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. खाडीकाठच्या घरात जुलै-ऑगस्टमध्ये याला फार दिवस लागत नाहीत. बॅग नेण्यापुरती वापरावी. घरी सामान झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात, ओल शोषणारे सिलिका जेल आणि आर्द्रतामापकासह ठेवावे आणि काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे. जेलचे दाणे रंग बदलू लागले की गरम करून कोरडे करावेत, किंवा बदलावेत. रिकामी बॅग मात्र उघडी ठेवून, ऊन पडेल त्या दिवशी सगळे कप्पे काढून गॅलरीत वाळवावी. वेल्क्रोचे आतले पडदेही सोडवून घ्यावेत, कारण ओल सर्वांत आधी त्यांच्या मागे साठते.