खाल्लं की लगेच जावं लागतं, म्हणजे अंगी लागत नाही का?

हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो आणि जवळजवळ नेहमी दबक्या आवाजात येतो. म्हणून एका मुलाची हकिगत सांगते. त्याची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा अमळनेर तालुक्यातला, वय २२. जळगावला स्पर्धा परीक्षेच्या क्लासला यायचा. पहिल्या दिवशी आई सोबत होती. खुर्चीत टेकायच्या आतच ती म्हणाली, "मॅडम, याना पोटमा काईच टिकस नई. खादं का पयस." मुलगा मान खाली घालून पिशवीचा बंद पिळत बसला होता.

घास पोटात गेला की दहा मिनिटांत कळ आणि धावाधाव. म्हणून त्याने सकाळचं खाणंच सोडलं, नुसत्या चहावर निघायचा. एसटी सोडली. रेल्वेत संडास असतो म्हणून रेल्वेनेच यायचा, तेही दाराजवळची जागा धरून. घरी बेंबी सरकली म्हणून पोट चोळून झालं होतं. भरीत, शेवभाजी, ठेचा सगळं बंद करून आईने त्याला मुगाच्या खिचडीवर ठेवलं होतं.

मी आधी डॉक्टरांचे कागद बघते. शौचातून रक्त जाणं, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, अंगात रक्त कमी असणं, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर, मग मी. याच्या तपासण्या नीट होत्या. "आतडं नाजूक आहे, टेन्शन घेऊ नका," एवढंच त्याला सांगितलं गेलं होतं. पण टेन्शन घ्यायचं नाही म्हणजे नेमकं करायचं काय? घाबरलेल्या माणसाला या वाक्याचा काडीचा उपयोग होत नाही.

मी कपाटातून सुतळीचं बंडल काढलं. एक टोक त्याच्या हातात दिलं आणि सहा मीटर मोजत गेले. खोली पुरेना, दार उघडून बाहेर जावं लागलं. "हे तुझं लहान आतडं, पोटात वळकटी होऊन बसलेलं. याच्यापुढे आणखी दीड मीटर मोठं आतडं."

जेवण जठरातच दोन ते चार तास घुसळलं जातं. लहान आतड्यात त्याला पित्त आणि स्वादुपिंडाचा रस मिळतो, आणि अंगी लागायचं ते बहुतेक सगळं तिथेच रक्तात जातं. मोठ्या आतड्यात मुख्यतः पाणी शोषलं जातं, आणि सगळ्यात लांब मुक्काम तिथलाच. तोंडापासून शेवटापर्यंत साधारण २४ ते ७२ तास लागतात.

"आता सांग, आत्ता खाल्लेली भाकरी दहा मिनिटांत त्या टोकाला कशी पोचेल?"

तो सुतळीकडे बघत राहिला. "मग निघतं ते काय?"

"कालचं, परवाचं."

जठरात अन्न पडून ते ताणलं गेलं की मोठ्या आतड्याला निरोप जातो: वरून माल आला, खाली जागा कर. हे सगळ्यांच्याच पोटात होतं. तान्हं बाळ दूध पिता पिता शी करतं, ते यामुळेच. सकाळी या निरोपाला जोर जास्त असतो आणि चहाने तो आणखी वाढू शकतो. शिवाय आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं स्वतःचं जाळं असतं, १० कोटींहून जास्त पेशींचं, आणि मेंदूशी त्याची सतत देवाणघेवाण चालते. भीती वाटली की जठर मंदावतं, मोठं आतडं मात्र घाई करतं. बसमध्ये कळ येईल, या धास्तीनेच त्याला कळ येत होती.

आईला हे पटेना. मी डॉक्टरांचे दोन कागद तिच्यापुढे ठेवले. मार्चमध्ये वजन ५४ किलो, सप्टेंबरमध्येही ५४. "ताई, पोटात काहीच टिकलं नसतं तर हा आकडा टिकला असता का?"

मुलाला घरचा अभ्यास दिला. मक्याच्या दाण्याची साल माणसाला पचत नाही. रविवारी संध्याकाळी कणीस खायचं आणि साल कधी दिसते ते बघायचं. पुढच्या भेटीत लाजत म्हणाला, "मॅडम, मंगळवारी सकाळी." त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

पुढचं काम सावकाश झालं. निघायच्या तासभर आधी नाश्ता, रिकाम्या पोटी चहा नाही, संडासला पुरेसा वेळ. कळ आली की पोट फुगवत सावकाश श्वास घ्यायचा आणि कळ ओसरेपर्यंत थांबायचं, कारण ती लाटेसारखी येते आणि बऱ्याचदा उतरते. एसटीत आधी एकच थांबा, मग धरणगावपर्यंत, मग जळगाव. एकदा धरणगावला घाबरून उतरला. ती चूक नव्हती, तो पुढच्या बसने आला.

परीक्षेच्या सकाळी त्याला अजून दोनदा जावं लागतं. ते त्याने आता सोबत घेतलं आहे.

थंडीत आईचा फोन आला. "मॅडम, आते याले भरीत देऊ का?" तिखटाने काहींच्या आतड्याला घाई होते, म्हणून म्हटलं, "द्या ताई. पहिल्यांदा मिरच्या निम्म्या टाका."