वाचकांचे प्रश्न : फाइली आवरल्या अन् पावत्या गायब

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं कापूस काट्याच्या पावत्यांचं वेब ॲप आहे. ते डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या स्वतंत्र डब्यांत चालतं. रेपो (कोडचं मुख्य फोल्डर) उघडला की डॉकरफाइली (इमेज, म्हणजे कंटेनरचा साचा, बनवायची कृती), कंपोज (कोणते कंटेनर कसे चालवायचे ते सांगणारी फाइल), एनव्ह (पासवर्डासारख्या सेटिंगची फाइल) असा सगळा पसारा. तो उचलून 'डॉकर' नावाच्या फोल्डरात टाकला. आधी बिल्ड, म्हणजे इमेज बनवणं, अडला, पॅकेज फाइल (ॲपला लागणाऱ्या तयार पॅकेजांची यादी) सापडत नाही म्हणे. पाथ दुरुस्त करून ॲप सुरू केलं, तर डेटाबेस कोरा! पावत्या गेल्या का?
– एक वाचक, दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : बहुधा नाहीत. वेगळं नाव दिलं नसेल तर कंपोज फाइल ज्या फोल्डरात असते, त्याचंच नाव प्रोजेक्टला मिळतं आणि व्हॉल्यूमच्या (डेटाबेसचा डेटा कंटेनरबाहेर टिकवणारी जागा) नावाआधीही तेच लागतं. आधी 'काटा_डीबी' असेल, तर आता 'डॉकर_डीबी' असं नवं, रिकामं व्हॉल्यूम तयार झालं. 'डॉकर व्हॉल्यूम एलएस' चालवा, दोन्ही दिसतील. आताचे कंटेनर साध्या 'डॉकर कंपोज डाउन'ने उतरवा, नाहीतर ते पोर्ट अडवून बसतील. त्याला 'व्ही' (-v) मात्र जोडू नका, त्यानं व्हॉल्यूमच पुसलं जातं. मग कंपोज फाइल रेपोच्या मुळाशी परत आणा आणि वरच 'नेम'पुढे प्रोजेक्टचं जुनं नाव (वरच्या उदाहरणात 'काटा') लिहून टाका. उद्या फोल्डरचं नाव बदललं तरी बिघडणार नाही.

डॉकरफाइली आणि एनजिनएक्स या वेब सर्व्हरचं कॉन्फिग 'डॉकर' फोल्डरात खुशाल राहू द्या. फक्त कंपोजमध्ये 'बिल्ड'खाली 'कॉन्टेक्स्ट'ला (बिल्डसाठी फाइली जिथून घ्यायच्या ते फोल्डर) एक टिंब द्या, म्हणजे रेपोचं मूळ, आणि 'डॉकरफाइल'पुढे 'डॉकर/ॲप.डॉकरफाइल' लिहा. डॉकरफाइलीतल्या 'कॉपी'चे पाथ ती फाइल कुठं आहे त्यावरून नाही, कॉन्टेक्स्टवरून मोजले जातात. तुमचा बिल्ड इथंच अडला. डॉकरइग्नोअरही (बिल्डमध्ये काय घ्यायचं नाही त्याची यादी) मुळाशीच हवी. ती आत नेली तर वाचलीच जात नाही, आणि 'कॉपी टिंब टिंब' (सगळंच कॉपी कर) असेल तर पासवर्डासकट एनव्ह फाइल इमेजमध्ये जाऊन बसते.

मुळाशी असलेल्या एनव्हमधून कंपोज फाइलीतल्या मोकळ्या जागा भरल्या जातात, बस. एनव्हमधली मूल्यं कंटेनरच्या आत हवी असतील तर कंपोजमध्ये 'एनव्ह_फाइल' किंवा 'एन्व्हायर्नमेंट' वेगळं लिहावं लागतं. शेवटी काय जुळलं ते 'डॉकर कंपोज कॉन्फिग' दाखवतं. त्यात पासवर्डही छापून येतात, तेव्हा त्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

प्रश्न : मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करतो. कोडची एक ओळ बदलली तरी डॉकरच्या बिल्डमध्ये एनपीएम (जावास्क्रिप्टची तयार पॅकेजं आणणारं साधन) सगळं पुन्हा डाउनलोड करतं.
– एक वाचक, मोर्शी, जि. अमरावती

उत्तर : सगळा कोड 'एनपीएम सीआय'च्या (पॅकेजं बसवणारी आज्ञा) आधी कॉपी होत असणार. एक थर (डॉकरफाइलीतल्या एका पायरीचा जपून ठेवलेला निकाल) बदलला की पुढचे सगळे थर नव्यानं बनतात. आधी पॅकेज आणि पॅकेज-लॉक या दोनच जेसन फाइली कॉपी करा, मग 'एनपीएम सीआय', मग उरलेला कोड. डिस्क भरली म्हणून 'बिल्डर प्रून' चालवलं की हा थरांचा साठा जातो आणि सगळं पुन्हा डाउनलोड होतं. ते नेट बरं असेल त्या दिवशीच करा.