अक्षौहिणी म्हणजे नक्की किती?

प्रश्न आलाय की महाभारतात सैन्य मोजायला वापरतात ती 'अक्षौहिणी' म्हणजे एक लाख सैन्य का, आणि लिहायचं अक्षोहिणी की अक्षौहिणी.

दुसरं आधी उरकतो. औ. शब्द अक्ष + ऊहिनी असा आहे, नेहमीच्या नियमाने ओ यायला हवा, नव + ऊढा नवोढा होतं ना तसा, पण या शब्दासाठी व्याकरणकार कात्यायनाने मुद्दाम वेगळं वार्तिक (पाणिनीच्या सूत्राला जोडलेला पूरक नियम) करून औ घ्यायला सांगितलंय. प्र + ऊढ चं प्रौढ होतं तीच भानगड. त्यामुळे कानाला ओ बरा वाटला तरी लिहिताना औच.

आता आकडा. लाख नाही, दोन लाखांच्या वर आहे, २,१८,७००. पण तो कुणी मैदानात उभं राहून मोजलेला नाही, रचलेला आहे. अमरकोशात (जुना संस्कृत शब्दकोश) उतरंड दिलीय: १ रथ, १ हत्ती, ३ घोडे, ५ पायदळ मिळून एक पत्ती, म्हणजे १० नग. मग दर पायरीला तिप्पट करत जायचं. सेनामुख, गुल्म, गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी. सात पायऱ्या म्हणजे ३ चा सातवा घात, २१८७. आणि शेवटी तिप्पट न करता एकदम दहापट, ती अक्षौहिणी. म्हणून रथ २१,८७०, हत्ती तेवढेच, घोडे ६५,६१०, पायदळ १,०९,३५०. (यात नग मोजलेत बरं का, सारथी आणि माहूत हिशोबात नाहीत, तेव्हा याला 'इतके सैनिक' म्हणणंही जरा ढिलंच.)

हे चारही आकडे घेऊन अंकांची बेरीज करा, दरवेळी १८ येते. एकूण २,१८,७०० चीसुद्धा १८! यावर व्हॉट्सॲपवर महाभारताची अठरा पर्वं, युद्धाचे अठरा दिवस, अठरा अक्षौहिणी अशी माळ लावून मेसेज फिरतो. मला विचाराल तर यात गूढ काही नाही, ३ चे इतके घात कोंबल्यावर संख्येला ९ ने भाग जाणारच आणि मग अंकांची बेरीज ९, १८, २७ यातलीच काहीतरी निघणार, लहान आकड्यांत १८ पुष्कळदा येते. गंमत म्हणजे जिथे १८ यायला हवी होती तिथेच ती येत नाही, अठरा अक्षौहिणींचे होतात ३९,३६,६०० आणि त्याची बेरीज २७. मेसेजवाले ही ओळ टाकत नाहीत.

खरी मजा वेगळी आहे. २,१८,७०० ला त्याच्याच अंकांच्या बेरजेने भागलं की १२,१५० नि:शेष. अशा संख्येला 'हर्षद' हे नाव दिलं देवळालीच्या गणिती कापरेकर मास्तरांनी, हर्ष देणारी ती हर्षद. कौरवांच्या ११ अक्षौहिणी २४,०५,७००, पांडवांच्या ७ म्हणजे १५,३०,९००, दोन्हींच्या अंकांची बेरीज १८, दोन्ही हर्षद, आणि ते २७ वालं ३९,३६,६०० पण हर्षद, करून बघा.

जाता जाता, या उतरंडीतले शब्द आपण रोज वापरतो. वाहिनीवर मालिका बघतो आणि पेपरात 'भारतीय चमू जाहीर' वाचतो. हिशोबाने चमूत ७,२९० नग हवेत, त्यातले ७२९ हत्ती.