फ्रेडी मर्क्युरी: थोडक्यात राहून गेलेलं बरंच काही

मागच्या अंकात क्वीन ह्या ब्रिटिश रॉक बँडवर लिहिताना शेवटी एक वाक्य टाकलं होतं, की बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीने जेवढं मिळवलं ते सगळ्यांना माहितीय पण त्याचं थोडक्यात हुकलेलंही तेवढंच आहे. त्यावर इतके प्रश्न आले की ह्या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, कुणाचा राहिला असेल तर पुन्हा पाठवा.

ताई, फ्रेडी आणि मायकल जॅक्सनने एकत्र गाणी केली होती असं ऐकलं. खरंय का? मग ती आली का नाहीत?
(एक वाचक, नाशिक)

एकदम खरंय. दोघांची ओळख आधीपासूनची, जॅक्सन क्वीनच्या शोला यायचा, आणि 'अनदर वन बाइट्स द डस्ट' सिंगल म्हणून काढा असं त्यानेच त्यांना सांगितलं होतं. ते १९८० साली अमेरिकेत नंबर एकला गेलं, म्हणजे त्याचे कान किती बरोबर होते बघा. मग १९८३ मध्ये फ्रेडी त्याच्या कॅलिफोर्नियातल्या घरच्या स्टुडिओत गेला आणि दोघांनी तीन गाण्यांवर काम केलं. 'देअर मस्ट बी मोअर टू लाइफ दॅन धिस', 'स्टेट ऑफ शॉक' आणि 'व्हिक्टरी'. एकही पूर्ण झालं नाही.

कारण म्हणाल तर भांडणबिंडण म्हणून जे रंगवून सांगतात त्यापेक्षा साधं होतं. फ्रेडी स्वतः म्हणायचा की आम्ही दोघं एका देशात पुरेसे दिवस कधी असायचोच नाही. 'थ्रिलर' नुकता आलेला, जॅक्सन जगातला सगळ्यात बिझी माणूस, इकडे क्वीनचा पुढचा अल्बम आणि मग टूर. क्वीनच्या मॅनेजरने नंतर एक किस्सा सांगितलाय की जॅक्सन आपला पाळलेला लामा (उंटासारखा तो प्राणी) स्टुडिओत घेऊन यायचा आणि वैतागलेल्या फ्रेडीने फोन केला, मला इथून बाहेर काढ. किस्सा गमतीचा आहे पण गाणी राहिली ती तारखांमुळे असंच मला वाटतं.

पुढे 'स्टेट ऑफ शॉक' १९८४ मध्ये आलं, पण जॅक्सनसोबत आवाज मिक जॅगरचा. 'देअर मस्ट बी मोअर' फ्रेडीने १९८५ च्या आपल्या सोलो अल्बमवर एकट्याने गायलं. दोघांचा एकत्र आवाज अधिकृतपणे बाहेर आला तो २०१४ मध्ये, तोपर्यंत दोघंही गेलेले. तो ट्रॅक ऐकताना मला दर वेळी हेच वाटतं की दोघांचे आवाज एकमेकांच्या आड येत नाहीत, जॅक्सन हळू आणि श्वासाने भरलेला, फ्रेडी मागून उघडा गळा लावून येतो, अजून चार दिवस मिळाले असते तर काय झालं असतं!

डेव्हिड बोवीबरोबर पुन्हा काही का केलं नाही?
(एक वाचक, कोल्हापूर)

'अंडर प्रेशर' हे क्वीन आणि बोवी ह्या ब्रिटिश गायकाचं एकत्र गाणं १९८१ मध्ये स्वित्झर्लंडला मॉन्त्रोमध्ये झालं. बोवीने 'कूल कॅट' ह्या क्वीनच्या गाण्यातही मागे आवाज दिला होता, मग त्याला तो आवडला नाही आणि अल्बम यायच्या तोंडावर त्याने काढायला लावला. स्टेजवर दोघांनी मिळून 'अंडर प्रेशर' कधीच गायलं नाही. १९९२ च्या फ्रेडीच्या श्रद्धांजलीच्या शोमध्ये बोवीने ते गायलं, अ‍ॅनी लेनॉक्सबरोबर.

आम्ही पाचगणीचे. इथे येणारे लोक फ्रेडीची शाळा कुठली म्हणून विचारतात. पण तो क्वीनला घेऊन भारतात कधी आला का नाही? त्याला इथलं काही वाटत नव्हतं का?
(एक वाचक, पाचगणी)

फ्रेडी असताना क्वीनचा भारतात एकही शो झाला नाही. जपानला ते १९७५ पासून जात होते, १९८१ मध्ये अर्जेंटिना, ब्राझील, मेक्सिको झालं, १९८६ मध्ये तर बुडापेस्टला, म्हणजे पोलादी पडद्यामागे जाऊन स्टेडियम भरवलं. आपण मात्र राहिलो, आणि हे मला खरंच लागतं.

फ्रेडीचं मूळ नाव फारुख बुलसारा, जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार, पारशी कुटुंब. आठ वर्षांचा असताना त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या बोर्डिंगला पाठवलं. पियानो तिथेच शिकला, आणि तिथेच पोरांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. गंमत म्हणजे त्यात मुख्य गायक दुसराच मुलगा होता, आपला फारुख पियानोवर! म्हणजे पाचगणीच्या ज्या लोकांनी त्याला तेव्हा ऐकलं त्यांनी जगातला सगळ्यात मोठा रॉक गायक पियानो वाजवताना ऐकला.

त्याला काय वाटत होतं ते त्याच्या मनात शिरून मी सांगणार नाही. एवढं दिसतं की इंटरव्ह्यूमध्ये तो ह्या दिवसांबद्दल फार कमी बोलायचा, आणि सत्तरच्या दशकातल्या इंग्लंडमध्ये, बाहेरून आलेल्या लोकांविरुद्ध उघड मोर्चे निघत होते तेव्हा, एका तरुण मुलाने आपलं मूळ पुढे न करणं मला समजतं, त्याला कमीपणा म्हणायचं मला जिवावर येतं. आणि घरचं त्याने तोडलं नव्हतं, आईवडिलांकडे जाणंयेणं शेवटपर्यंत होतं, त्याचे अंत्यसंस्कारही लंडनमध्ये पारशी धर्मगुरूंनीच केले.

ताई, मी न्यू जर्सीला असते. इथे प्रत्येक मॅचला 'वुई विल रॉक यू' वाजतं आणि तरी फ्रेडी असताना क्वीनने १९८२ नंतर अमेरिकेत शो केले नाहीत म्हणे. असं कसं?
(एक वाचक)

हे प्रकरण फ्रेडीला सगळ्यात जास्त सलत असणार असं मला वाटतं. अमेरिकेत नशीब पहिल्यापासून तिरकं. १९७४ मध्ये पहिलाच दौरा, 'मॉट द हूपल' ह्या बँडच्या आधी वाजवायचे, जम बसत होता आणि क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे ह्याला कावीळ झाली, दौरा अर्धा टाकून परत. मग हळूहळू चढत १९८० ला दोन गाणी नंबर एक. म्हणजे आता अमेरिका आपली. आणि लगेच १९८२ चा 'हॉट स्पेस', डान्सच्या अंगाने जाणारा, तो तिथल्या रॉकवाल्यांना रुचला नाही. १९८४ ला 'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री'चा व्हिडिओ आला, चौघंही बायकांच्या वेषात, फ्रेडी मिशीसकट व्हॅक्यूम क्लीनर फिरवतोय. इंग्लंडमध्ये लोक हसून लोटपोट कारण ती तिथल्या एका टीव्ही मालिकेची नक्कल होती, अमेरिकेत ती मालिका कुणाला माहीत नाही, एमटीव्हीने व्हिडिओ उचलला नाही आणि लोकांना तो झेपला नाही. त्यात भर म्हणून रेकॉर्ड कंपनीची आणि रेडिओवर गाणी लावून घेणाऱ्या मध्यस्थांची भांडणं.

फ्रेडीचं म्हणणं असं की आधी तिथे मोठं गाणं चालू दे, मग जाऊ, अर्ध्या रिकाम्या हॉलमध्ये मला गायचं नाही. ते गाणं आलंच नाही, म्हणजे त्याच्या हयातीत नाही. १९८५ चा सोलो अल्बम 'मिस्टर बॅड गाय' इंग्लंडमध्ये सहाव्या नंबरवर गेला आणि अमेरिकेत १५९ वर अडकला. ब्रायन मेने नंतर सांगितलंय की फ्रेडी म्हणायचा, अमेरिका परत मिळवायला मला बहुतेक मरावं लागणार. १९९२ मध्ये, तो गेल्यावर काही महिन्यांनी, एका विनोदी सिनेमात पोरं गाडीत बसून 'बोहेमियन ऱ्हाप्सडी'वर माना हलवतात तो सीन गाजला आणि हे गाणं, जे १९७६ ला तिथे नवव्या नंबरवर थांबलं होतं, ते दुसऱ्या नंबरवर गेलं. तेव्हाही एक नंबर हुकलाच.

बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये तो गाणार होता ना? नक्की काय झालं होतं?
(तीन-चार जणांनी विचारलंय, पुणे, ठाणे आणि पणजीहून)

हा प्रश्न यावा अशी माझी इच्छा होती. बाकीच्या गोष्टी हुकल्या ते एक, पण ही त्याला मनापासून हवी होती.

१९८३ मध्ये तो लंडनला ऑपेरा बघायला गेला, पावारोत्ती ह्या गायकासाठी गेला होता, आणि मोन्सेरात काबाये नावाची स्पॅनिश सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणारी ऑपेरा गायिका, गायला लागली आणि हा वेडाच झाला. पुढे एका स्पॅनिश इंटरव्ह्यूत त्याने उघडच सांगितलं की मला त्यांना भेटायचंय. मार्च १९८७ मध्ये बार्सिलोनाच्या रिट्झ हॉटेलात भेट झाली. ज्या माणसाने लाखाच्या गर्दीसमोर गाऊन दाखवलं तो त्या भेटीला घाबरलेला होता हे वाचून मला तो फार जवळचा वाटला. काबाये बार्सिलोनाच्याच, १९९२ चं ऑलिंपिक त्यांच्या शहराला मिळालेलं, त्या म्हणाल्या माझ्या शहरावर गाणं कर. त्याने केलं. आपल्याकडे कसं, एखाद्या नाट्यसंगीतातल्या बुजुर्ग बाईंनी बँडवाल्या पोराला सांगावं माझ्या गावावर पद बांध आणि त्याने ते बांधावं, तसं.

१९८७ ला सिंगल आलं, इंग्लंडमध्ये आठव्या नंबरला गेलं. ८ ऑक्टोबर १९८८ ला सेऊलहून ऑलिंपिकचा ध्वज बार्सिलोनात आला त्या सोहळ्यात स्पेनच्या राजाराणीसमोर दोघं स्टेजवर उभे राहिले. पण बऱ्याच जणांना माहीत नसलेली गोष्ट ही, की त्या रात्री ते खरं गायले नाहीत, रेकॉर्डिंगवर ओठ हलवले. इबिझाच्या शोमध्येही तसंच. म्हणजे हे गाणं दोघांनी मिळून लोकांसमोर खऱ्या आवाजात एकदाही म्हटलं नाही. आणि १९८७ मध्येच त्याला एड्सच्या विषाणूची लागण झाल्याचं कळलेलं होतं. १९८८ ची ती रात्र त्याचं स्टेजवरचं शेवटचं सादरीकरण ठरली.

२४ नोव्हेंबर १९९१ ला तो गेला, आजाराची जाहीर कबुली दिल्यावर एका दिवसात, आणि ऑलिंपिक सुरू झालं २५ जुलै १९९२ ला. आठ महिने. त्या उन्हाळ्यात बीबीसीने हेच गाणं आपल्या ऑलिंपिक कार्यक्रमांसाठी वापरलं आणि ते इंग्लंडमध्ये दुसऱ्या नंबरवर गेलं. १९९९ मध्ये बार्सिलोनाच्या काम्प नोउ स्टेडियमवर चॅम्पियन्स लीगची फायनल होती, तिथे काबाये हे गाणं गायल्या, समोर उभ्या राहून त्या आणि पडद्यावर फ्रेडी.

आजार झाला नसता तर हे सगळं झालं असतं का?
(एक वाचक, डोंबिवली)

सगळं नाही, आणि इथे मी ठाम आहे. आजाराच्या नावावर सगळं खपवून त्याची गोष्ट करुण करायची एक सवय लागलीय लोकांना. जॅक्सनची गाणी राहिली ती तारखांमुळे. अमेरिका गेली ती एका व्हिडिओमुळे, रेकॉर्ड कंपनीमुळे आणि त्याच्या स्वतःच्या हट्टामुळे. १९८४ मध्ये वर्णद्वेषी राजवट असताना दक्षिण आफ्रिकेत सन सिटीला शो केले ती त्यांची स्वतःची चूक होती, त्याची किंमत त्यांनी मोजली. ह्यातलं काहीच आजाराने नेलं नाही.

आजाराने नेलं ते वेगळं. ९ ऑगस्ट १९८६ चा नेबवर्थचा शो, लाखाच्या वर लोक, तो क्वीनबरोबरचा शेवटचा शो असेल असं त्या मैदानात कुणाला वाटलं नसेल. १९८९ ला 'द मिरॅकल' आला आणि टूर नाही, १९९१ ला 'इन्यूएंडो' आला आणि टूर नाही. आणि मग मे १९९१ मध्ये मॉन्त्रोला 'मदर लव्ह' ह्या गाण्याचं रेकॉर्डिंग. ब्रायन ओळी लिहून द्यायचा, फ्रेडी उभं राहून गायचा, उंच सूर लावून घ्यायचा, एका कडव्याआधी म्हणाला आता दमलो, परत येऊन पूर्ण करतो. परत आला नाही. शेवटचं कडवं ब्रायनने गायलंय, १९९५ च्या 'मेड इन हेवन'वर ऐका, आवाज बदलतो ती जागा स्पष्ट कळते. उभं राहवत नसताना तो गात होता कारण बाकीच्यांना पुढे काम करता यावं एवढा आवाज त्याला मागे ठेवायचा होता, हे मला त्याच्या कुठल्याही रेकॉर्डपेक्षा मोठं वाटतं.

तो गायक झाला नसता तर काय झाला असता?
(एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

बहुतेक डिझायनर. १९६९ मध्ये त्याने ईलिंगच्या आर्ट कॉलेजातून ग्राफिक डिझाइनचा डिप्लोमा घेतला, क्वीनचं ते सिंहांचं आणि पऱ्यांचं बोधचिन्ह त्यानेच काढलंय. लंडनच्या केन्सिंग्टन मार्केटमध्ये क्वीनचा ड्रमर रॉजर टेलरबरोबर कपड्यांचा स्टॉलही चालवला. आणि तू विचारलंयस म्हणून सांगते, क्वीनच्या आधी आयबेक्स, रेकेज, सोअर मिल्क सी असे बँड झाले, एकही टिकला नाही. त्याचा डोळा होता ब्रायन आणि रॉजरच्या 'स्माइल' बँडवर, पण तिथे गायक होता. तो गायक १९७० मध्ये सोडून गेला तेव्हा ह्याला जागा मिळाली.

हे सगळं ऐकायचं तर कुठून सुरू करू?
(एक वाचक, सांगली)

'क्वीन फॉरएव्हर' ह्या अल्बमवर जॅक्सनबरोबरचं गाणं आहे, आधी ते. मग 'मदर लव्ह'. 'बार्सिलोना' अल्बम घेताना मात्र २०१२ ची आवृत्ती घ्या. १९८८ च्या मूळ अल्बममध्ये ऑर्केस्ट्राचा बराच भाग कीबोर्डवर वाजवलेला होता, २०१२ मध्ये दोघांचे मूळ आवाज तसेच ठेवून मागे खरा सिंफनी ऑर्केस्ट्रा घातलाय. आधी जुनं ऐका, मग लगेच नवीन, चांगले हेडफोन लावून, आणि काय वाटलं ते मला नक्की कळवा.